साहेब, आमच्यानंतर पोरांचं काय?

आमदारांच्या दारात बारा वर्षं उभं राहिलं की फायलीत निवेदनांच्या पोचपावत्या जमतात आणि डोक्यात किस्से. फाईल उंदरांनी खाल्ली. किस्से शाबूत आहेत.

आम्ही नेवासा तालुक्यातल्या सात आया. प्रत्येकीचं लेकरू डाउन सिंड्रोमचं, आता वयानं मोठं झालेलं. मागणी एकच: आम्ही मेल्यावर या पोरांना राहायला तालुक्यात एक सरकारी घर. मी चौथी शिकलेली, पण अपंगांचा कायदा स्वतः वाचून काढला. वकिलाच्या पायऱ्या चढले नाही.

*

पहिल्या भेटीत आमदारसाहेबांनी माझ्या मार्थाचा गाल ओढला. "काय बाळ, कितवीत?"

"मी चौतीस वर्षांची आहे," मार्था म्हणाली. "गालाला हात लावायचा नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "अरे वा, बोलते की ही!"

"व्हय साहेब. तुमी सभागृहात कधी बोलता?"

त्या दिवशी चहा मिळाला नाही.

*

मार्थाच्या अपंगत्वाच्या दाखल्याची मुदत पाच वर्षं. साहेबांच्या पीएला विचारलं, असं का?

"मधल्या काळात बरी झाली असेल तर?"

"तिच्या अंगात एक गुणसूत्र जास्त आहे, जन्मापासून. ते काय बदली होऊन जाणार आहे?"

पीएनं खरंच विचार केला. म्हणाला, "तसा अर्ज कोणी दिलाय का?"

*

साहेबांच्या कार्यालयात पाथर्डीकडचा एक म्हातारा शिपाई होता. आमची चार पोरं बाकावर ओळीनं बसलेली. तो पाणी घेऊन आला आणि मार्थासमोर थबकला.

"चंपे," तो म्हणाला.

"कोण चंपी?" मी विचारलं.

"माझी भन. आसंच डोळं, अशीच बोटं. मी धा वर्सांचा हुतो तवा गेली." मग त्यानं उरलेल्या तिघांकडे एकेक करून बघितलं. "आन ही समदी बी तीच."

मी त्याला समजावलं, याला नाव आहे, अशी माणसं चेहऱ्यानं सारखी दिसतात.

"नाव हाय व्हय याला? मला वाटायचं, आमच्या घराला कायतरी लागलंय."

आम्ही न गेलेल्या दिवशीही तो त्या बाकावर एक ग्लास भरून ठेवायचा, असं दुसरा शिपाई सांगत होता.

*

आमच्या बैठकीला मार्था सात खुर्च्या मांडते. गेल्या वर्षापर्यंत तिघी वारल्या होत्या, तरी सातच. साहेब एकदाच आले आणि एका रिकाम्या खुर्चीत बसले.

"उठा," मार्था म्हणाली. "ती हौसामावशीची."

साहेब हसत उठले. "कुठं आहेत त्या?"

"मेली."

रिकाम्या खुर्च्या अजून दोन होत्या. साहेब बैठक संपेपर्यंत उभेच राहिले.

*

यंदा आमच्यातली कुसुमबाई गेली. तिचा बाळू तिशीचा. आमच्याकडे आमदार सभागृहात चुकेल, दहाव्याला चुकत नाही. घाटावर माईकच लावलेला असतो. साहेब आले.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर, एकही हलेना. कुसुमबाईच्या भावानं हात जोडले. "अक्का, बाळूला मी सांभाळतो." कावळे जागचे हलले नाहीत. भावजय म्हणाली, "त्याला काय कमी पडू देनार न्हाई." तरी नाही.

साहेबांनी माईक घेतला. "बाळूची जबाबदारी शासनाची."

एक कावळा निम्म्यात आला होता, तो माघारी फिरला. माणसं साहेबांकडे बघायला लागली.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मी म्हटलं, "थांबा गुरुजी. आमाला घाई न्हाई." मी चर्चला जाणारी बाई, कावळ्याशी माझं काही देणंघेणं नाही. पण साहेबांना फुटलेला घाम मला दिसत होता.

त्यांनी पीएकडून लेटरहेड मागून घेतलं. गुडघ्यावर ठेवून लिहिलं, पोरांच्या घराचा प्रश्न पुढच्या अधिवेशनात मी स्वतः मांडीन. मोठ्यानं वाचून दाखवलं. बाळूनं तो कागद पिंडाशेजारी ठेवला, वर खडा ठेवला.

कावळा उतरला. पिंडाकडे त्यानं बघितलंही नाही. कागदावर जाऊन बसला आणि मान वाकडी करून खाली बघत राहिला.

बाळू हळूच पुढं सरकला, कावळ्याच्या बाजूनं वाकला, त्यानंही बघितलं.

"साहेब," तो म्हणाला, "सही राहिली."