क्रॉसबीचे लोखंडी पुरुष आणि श्यामलाबाई

लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉसबीच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात एका शिल्पकाराचे शंभर लोखंडी पुतळे येऊन उभे राहिले आणि श्यामला सातपुते यांच्या निवांत निवृत्तीचं वाटोळं झालं.

श्यामलाबाई मिरजेला नर्सिंग शिकलेल्या. नंतर एकतीस वर्षं लिव्हरपूलमध्ये मिडवाइफ. यजमान गेल्यावर रोज किनाऱ्यावरच्या रस्त्यावर एक फेरी, एवढाच त्यांचा नेम. पूर्वी तिथे चार कुत्री आणि त्यांचे मालक भेटायचे. आता मँचेस्टर, लीड्सहून कोच भरभरून माणसं येऊ लागली. पुतळे माणसाएवढेच, नागडे, सगळे समुद्राकडे तोंड करून उभे. शेवटचे तर जवळजवळ किलोमीटरभर आत. ओहोटीला तिथवर कोरडी वाळू दिसते, पण वाळूखाली चिखल असतो आणि भरतीचं पाणी आधी मागच्या, किनाऱ्याकडच्या सखल भागात शिरतं.

हे बाई येईल त्याला सांगायच्या. लोक हसून तिथल्या पद्धतीने "थँक यू, लव्ह" म्हणायचे आणि सरळ आत चालायला लागायचे. एका टूर कंपनीला त्यांनी तीनदा फोन केला. आम्ही फक्त सोडतो, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं, असं उत्तर मिळालं. इंग्लंडातच वाढलेली मुलगी स्वराली कार्डिफहून मोडक्या मराठीत वैतागायची. "आई, तो तुझा काम नाही. यू आर रिटायर्ड!"

"अगं, डोळ्यांसमोर बुडू देऊ का?" बाई फोन आपटायच्या.

२००७ च्या ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी त्यांच्या कानावर मराठी पडलं. विनय आणि मीनल हे पुण्याचं जोडपं होतं. विनय मँचेस्टरला आयटीत, वर्क व्हिसावर. बरोबर पाच वर्षांची सान्वी.

"अहो, आत जाऊ नका," बाई म्हणाल्या. "भरती सुरू झालीय."

"अरे वा, मराठी! कुठच्या तुम्ही, काकू?"

"ते नंतर. आधी मागे फिरा."

"पाणी केवढं लांब आहे बघा ना. एक फोटो काढतो आणि येतो."

मीनल थोडं अंतर जाऊन सान्वीला घेऊन परतली. विनय मात्र शेवटच्या पुतळ्याच्या नादात पुढे गेला. पाच मिनिटांनी तो जागेवरच हात हलवताना दिसला. मीनलला वाटलं, फोटोसाठी बोलावतोय. बाईंनी मात्र सरळ ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावला आणि कोस्टगार्ड मागितले. मग रेतीत जमेल तितकं पुढे जाऊन ओरडल्या, "पाय उपसू नका! मागे रेला! पाठीवर पडा!"

गुडघ्यापर्यंत रुतलेला माणूस ऐकतो थोडाच? तो धडपडत राहिला आणि मांडीपर्यंत गेला. मीनल धावणार तोच बाईंनी तिचा दंड धरला. प्रसूतीच्या खोलीत वापरायच्या त्या आवाजात त्या पुन्हा गरजल्या, "विनय! आडवा हो!" तेव्हा कुठे तो मागे रेलला.

कोस्टगार्डची माणसं चिखलावर फळ्या टाकत पोचली तेव्हा पाणी त्याच्या छातीवरून वाहत होतं. त्यांनी त्याला ओढून काढलं. एक बूट आणि कॅमेरा आतच राहिला.

ब्लँकेटमध्ये कुडकुडत विनय म्हणाला, "पण इथे बोर्ड का नाही लावत हे लोक?"

त्याची पाठ बोर्डालाच टेकलेली होती.

श्यामलाबाईंचा तोल गेला. "आणि मी काय खांब होते? मराठीत सांगितलं होतं रे, मराठीत!" मीनल रडायला लागली तशा त्या तिघांना घेऊन निघाल्या. घरी नेऊन चहा दिला, यजमानांची जुनी पँट दिली. पण रात्री स्वरालीला त्या म्हणाल्या, "तुझंच खरं. मी उद्यापासून जाणार नाही."

पंधरा दिवस त्या खरोखरच गेल्या नाहीत. मग मीनलचा फोन आला. मँचेस्टरच्या मराठी मंडळातली सहा कुटुंबं येणार होती. विनय कुठे रुतला, ते सगळ्यांना बघायचं होतं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "सकाळी दहाला या. बाराच्या आत बाहेर. आणि पुतळ्यांच्या पहिल्या रांगेच्या पुढे कुणीही जायचं नाही."

"हो काकू, नक्की."

मंडळी दीड वाजता आली, डबे घेऊन, गाडी पार्क करायला जागा मिळेना म्हणून चिडलेली. श्यामलाबाई वाळूत उतरायच्या पायऱ्यांवर आडव्या उभ्या राहिल्या आणि एकालाही खाली उतरू दिलं नाही. दोघं-तिघं जरा रुसले. एक गृहस्थ तर म्हणाले, "एवढ्या लांबून आलोय हो, काकू!"

"मग इथूनच बघा," बाई म्हणाल्या, आणि हटल्या नाहीत.