डाव्या कुशीची शिवण

शिंपीमास्तर साऱ्या गल्लीची मापं घेत. मास्तरांचं माप घ्यायला कोणी नव्हतं. विजार कमरेला काचू लागली की ते शिवण उसवायचे, आत राखलेलं कापड सोडायचे आणि पुन्हा टीप मारायचे. वर्षभरात हे चारदा झालं, तेही दरवेळी डावीकडेच. सदऱ्याचे खांदे उतरले, गळा दोन बोटं सैल झाला आणि पोट मात्र एकाच कुशीला सुटलं. मास्तरांची मती गुंग झाली.

"बसून बसून सुटलंय. चाला जरा," बायको म्हणाली. चालायला गेले तर पहिल्याच चढावर धाप लागली. त्यात ताप पिच्छा सोडेना.

शेवटी रक्त तपासलं. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट, सगळ्याच पेशी कमी. डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं. डाव्या बरगडीखालची प्लीहा पार बेंबीपर्यंत आली होती. "रक्ताचा कॅन्सर असू शकतो," त्या म्हणाल्या.

"त्यात पेशी वाढतात ना? माझ्या तर घटल्यात."

"वाईट पेशी हाडाच्या मगजात आणि प्लीहेत दडून बसतात. चांगल्यांना जागाच उरत नाही."

मास्तरांनी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. मग कमरेच्या हाडात सुई घालून मगज ओढून पाहिला, तर सिरिंज कोरडी. काहीच नाही हे चांगलं की वाईट, हेही कळेना. बाई म्हणाल्या, आत धाग्यांचं जाळं इतकं दाट झालंय की काही ओढलंच जात नाही. शेवटी हाडाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

आठवड्याने बाईंनी कागदावर एक गोल काढला आणि त्याला सगळीकडून बारीक रेघा ओढल्या. "अशा केसाळ पेशी दिसल्या. पुढच्या तपासण्यांतही तेच आलं. रक्ताचाच कॅन्सर आहे."

"कापडाच्या कडेला सुटतात तशा दशा सुटल्यात," मास्तर पुटपुटले. "मी मरणार का?"

"बहुतेकांना औषध लागू पडतं. हा आजार दुर्मीळ आहे, पण सावकाश चालतो. पोट कधीपासून वाढतंय?"

"दोनेक महिने," बायको म्हणाली.

मास्तरांनी विजारीची कड उलटी केली. उसवलेल्या टिपांच्या भोकांच्या चार रांगा होत्या. "ही पहिली, शाळांच्या गणवेशांची घाई होती तेव्हाची. वर्ष झालं."

बायकोने त्या रांगा पाहिल्या आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सात दिवस सलाईनमधून पेशी मारणारं औषध गेलं. मधे मोठा ताप आला, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, तोही उतरला. पाच महिन्यांनी विजार कमरेवर ठरेना. मास्तर मशीनवर बसले आणि टीप पहिल्या रांगेवर आणली.

त्या दिवशी बायकोने टेप हातात घेतली. आधी उजवी कूस मोजली, मग डावी. "सारखं आहे," ती म्हणाली.

पेशी घटल्या म्हणून आजार, आणि पेशी मारून बरं झालं, हे कोडं मास्तरांना अजून उलगडलं नव्हतं.

"पुन्हा मोज," ते म्हणाले. तिने पुन्हा मोजलं.