उपरण्यामागे धावलेली लाडकी

मसोलीच्या वासुदेवबुवांनी तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून सशांना अभय मिळाले. देव प्रसन्न झाला, ससे प्रसन्न झाले. अप्रसन्न राहिली ती एकटी लाडकी!

लाडकी ही बुवांची कारवानी कुत्री. धनुष्यासारखी कंबर, हरणासारखे पाय. घाटावरच्या एका धनगराने पिल्लू असताना दिलेली. बुवा डहाणू रोड स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन. सुटीच्या दिवशी ते तलासरीच्या सुकऱ्याबरोबर तिला सशामागे सोडीत. आता माळ आली, शिकार गेली. पण धावणे हाच जिचा श्वास, तिने करावे काय? ती ओट्यावर पडून राही. भाकरीला तोंड लावीना. तिची एकेक बरगडी दिसू लागली.

सुकऱ्या समाचाराला आला. म्हणाला, "बुवा, माळ तू घातलीस, कुत्रीनं कुठं घातलीय? मला दे. धावंल, जगंल."

"आणि ससे मारील."

"मग काय त्यांची आरती करंल?"

बुवांनी लाडकीकडे पाहिले. लाडकी द्यावी तर सशांचा घात. ठेवावी तर तिचा. "पौर्णिमेपर्यंत थांब," ते कष्टाने म्हणाले. "तोवर धावली नाही, तर ने."

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. भातकापणी उरकलेली, शेते मोकळी पडलेली. बुवांनी जुनी सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाचा टायर उतरवला आणि वरोरच्या कोळ्यांकडून आणलेली जाळ्याची दोरी त्या उघड्या रिमला बांधली. हाताने पॅडल फिरवले की दोरी चाकावर गुंडाळली जाई आणि दूरवर बांधलेली चिंधी धावत येई. चिंधीला वास हवा म्हणून माळकरी बुवांनी चिमट्यात धरून तिच्यावर सुका बोंबील चोळला!

चाक फिरले. चिंधी निघाली. लाडकीने जांभई दिली. चिंधीमागे धावली ती मसोलीतली झाडून सारी मांजरे!

पत्नी जयमाला पदरात तोंड लपवून हसली. "अहो, कीर्तन मांडलंत लाडकीसाठी आणि श्रोते आले भलतेच!"

बुवाही हसले, पण मन झुरत होते, कारण पौर्णिमा जवळ आली होती.

एके सकाळी जयमाला शेताच्या कडेला धुणे वाळत घालीत होती. खाडीवरून वारा सुटला आणि बुवांचे कीर्तनाचे शुभ्र उपरणे दोरीवरून निसटले. ते उडाले, टेकले, पुन्हा उसळले. ओट्यावर लाडकीचे कान ताठ झाले, आणि बाण सुटावा तशी ती सुटली!

बुवांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही जात नाकाने शिकार करीत नाही, डोळ्यांनी करते! मळकी चिंधी मळक्या ढेकळांत तिला दिसावी कशी?

"अगं, ते उपरणं चाकाच्या दोरीला बांध!"

"आणि कीर्तनाला काय घ्याल खांद्यावर? पंचा?"

"पंचा चालेल! देव खांदा पाहत नाही!"

त्यांनी शेतात खुंट्या ठोकल्या, त्यांवर लाकडी रिळे बसवली. दोरी त्यांना वळसा घालू लागली, तसे उपरणे सशासारखे डावीकडे झुके, उजवीकडे उसळे. मागे लाडकी, लाडकीमागे धूळ, आणि पॅडल फिरवता फिरवता बुवांच्या मुखी विठ्ठल विठ्ठल!

पौर्णिमेला सुकऱ्या आला. लाडकी नुकती दौडून आली होती. जयमालेने भाकरी कुस्करून थाळी पुढे सरकवली. लाडकीने ती चाटूनपुसून लख्ख केली आणि आणखी हवी म्हणून तिच्या हातावर पंजा ठेवला.

"धावली कशामागं?" सुकऱ्याने विचारले. बुवांनी उपरणे दाखवले.

"फडक्यामागं?" तो पोट धरून हसला. "बुवा, कुत्रीलापण भक्त केलंस!"

"पुन्हा सोडतो, बघ."

लाडकी सुटली. शेवटच्या वळणावर तिचे चारही पाय क्षणभर जमिनीपासून सुटले, तेव्हा सुकऱ्याचे हसू थांबले. सायकलीपाशी जाऊन त्याने बुवांना कोपराने बाजूला सारले.

"सरक. तुझं हात थकलं असतील. तिला अजून एकदा धावू दे."