आमच्या शेळीला रेडिओवर नेणाऱ्या कुंदाताई

लातूरला शाळेत शिकवून घरी आले, पिशवी ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. कुंदाताईंची सून होती. "ताई, आई गेल्या..." महिना उलटला त्याला. अजूनही त्यांची आठवण आली की आधी आवाज येतो, मग चेहरा. आमच्यातल्या कितीतरी जणांनी तर त्यांचा चेहरा पाहिलाच नव्हता. रविवारी सकाळी रेडिओवर त्यांचा मुलांचा कार्यक्रम लागायचा. "बाळांनो, सरका बरं जवळ," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही खरंच रेडिओजवळ सरकायचो.

मी चौथीत असताना गुरुजींनी आम्हा काही पोरींना धर्माबादजवळच्या आमच्या गावातून एसटीनं नांदेडला रेडिओ केंद्रावर नेलं. कार्यक्रम थेट होता. मला कविता म्हणायची होती. "माझी लेक रेडिओत बोलनार हाय," असं बाबांनी अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलेलं. स्टुडिओतला लाल दिवा लागला आणि कविता पार उडून गेली. काचेपलीकडचा माणूस हातवारे करू लागला. कुंदाताई माझ्या शेजारी वाकल्या. "राहू दे कविता. घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"माय, बाबा... आन् शेळी."

"शेळी कशी आहे गं?"

"लई वंगाळ हाय! मायच्या लुगड्याचा पदर खाल्ला तिनं."

"अगं बाई! मग?"

मग मी थांबलेच नाही. शेवटी काचेपलीकडचा माणूसही तोंडावर हात धरून हसत होता.

घरी आले तर माय दारातच उभी. "माझ्या लुगड्याचं समद्या जगाला सांगितलीस व्हय गं?" असं म्हणाली आणि हसत हसत मला पोटाशी धरलं. बाबा पुन्हा पुन्हा डोळे पुसत राहिले. आमच्या घरातली भाषा रेडिओवर त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. पुढे दर रविवारी कुणीतरी पोर आपल्या घरचं आपल्या बोलीत सांगू लागलं. देगलूरची एक मुलगी तर अर्धं तेलुगूतच बोलायची.

कार्यक्रम कधीतरी बंद झाला. कुंदाताई मुलाकडे लातूरला राहायला आल्या, आणि आमच्या भेटी वाढल्या. शेवटच्या वर्षात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. मी समोर बसले की त्या माझा हात हातात घेऊन नुसत्या बघायच्या. मला त्यांच्यापुढे बोलणंच सुचायचं नाही.

परवा रविवारी त्यांच्या घरी गेले. सून चहा टाकत होती, तेवढ्यात गल्लीतली चारपाच पोरं पायरीशी येऊन उभी राहिली. सून हळूच म्हणाली, "दर रविवारी यायची. आईंना बोलता येत नव्हतं, म्हणून हीच काहीबाही सांगायची. आई ऐकायच्या."

दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी आत डोकावली.

"आज्जी न्हाईत. मंग आता कोन ऐकनार?"

मी कप खाली ठेवला आणि पायरीवर जाऊन बसले.

"सांग," म्हटलं, "मी ऐकते."