व्हय की न्हाई

विद्यापीठाच्या एका अभ्यासात मी दोन वर्षं फॉर्म भरायचं काम केलं. विषय फिट येण्याचा होता. कुंडलमध्ये घरोघर जायचं, बायकांशी बोलायचं. फॉर्मवर नुसता नंबर. कुठल्या नंबरचं कोण, ती यादी आमच्या मॅडमच्या कुलपातल्या कपाटात. लॅपटॉपला पासवर्ड. डोक्यात राहिलेल्या गोष्टींना मात्र कुठलं कुलूप लावणार?

एका रविवारी आष्ट्याची आत्या आमच्या साताऱ्याच्या घरी आली. तिचा मुलगा सैन्यात. त्याच्यासाठी कुंडलची एक मुलगी सांगून आली होती. चहा ठेवायच्या आधीच तिनं मला जवळ बसवलं.

"तू तिथं हिंडलीस न्हवं? त्या घरी गेलतीस का?"

"आत्या, मी कुणाचंच सांगत नाही."

"मी काय परकी हाय? नुसतं व्हय म्हण, न्हायतर न्हाई म्हण."

वडील म्हणाले, "सांगून टाक की. घरातलाच प्रश्न हाय."

मी गप्प बसले. आत्याचा चेहरा उतरला. "म्हंजे हाय तर."

तेव्हा मला धसकाच बसला. माझ्या गप्प बसण्याचाही अर्थ निघत होता. मी घाईघाईनं म्हणाले, "तू गावातल्या कुठल्याही पोरीचं विचारलं असतंस तरी मी हेच म्हटलं असतं. तुला भीती वाटती तर तिलाच विचार."

"असं कोण विचारतं का?" आत्याचे डोळे भरले. नवरा गेल्यावर एकटीनं पोराला वाढवलेलं. तो सीमेवर, इथं सगळं तिच्या जिवावर. तिचा मला राग येईना. चहा न घेताच ती गेली. वडील दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. आता कुंडलचे फॉर्म दुसऱ्या कुणाकडं देऊ. परत कुणी विचारलं तर तुझ्यावर ताण नको." मला वाईट वाटलं, आणि हायसंही.

मुलगा सुट्टीवर आला तेव्हा आत्या त्याला घेऊन कुंडलला गेली. दोघांना तासभर बोलू दिलं. काय बोलले ते त्यानं आईलाही सांगितलं नाही. बाहेर येऊन म्हणाला, "मला पसंत हाय."

ती मुलगी आमच्या अभ्यासात होती की नव्हती, हे मी इथंही लिहिणार नाही. गावांची नावंही खरी असतीलच असं नाही.

लग्नात आत्यानं मला हाताला धरून पंगतीत बसवलं. वाढप्याला म्हणाली, "हिला अजून एक जिलबी वाढ रं. लय हट्टी हाय."