दत्तूनं मागितलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वासही नव्हता. बागायतदार माणूस... दिसेल तेवढंच खरं मानणारा.

गेल्या वर्षी आम्ही इंदापूर-बारामतीकडचे काही द्राक्षवाले ऑस्ट्रेलियाला अभ्यासदौऱ्यावर गेलो. सिडनीहून दिवसभर बसनं आत, ग्रिफिथच्या बाजूला. कालव्याचं पाणी, सपाट रान, तारांवर वेली – इंदापूरच वाटावं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वायनरीत टेबलाशी बसवलं. मालकीणबाईंनी सगळ्यांना वाइन ओतली. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे मात्र पाण्याचा ग्लास ठेवला.

"इथं कुणी नाहीये," मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो.

"तुमचे मित्र, लाल हातांचे. वाइन नको म्हणाले. पाणी मागितलं."

आमच्यातले बाळासाहेब हसले. "आबा, बाईलाच चढली जणू!"

मला हसता येईना.

द्राक्षाची छाटणी झाली की काडीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून औषधाची पेस्ट लावतात. लावलेली काडी ओळखू यावी म्हणून आम्ही त्यात लाल रंग घालतो; लावणाऱ्याचे हातही लाल होतात. ती हाताळल्यावर दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. मजुरांच्या टोळीला हे दरवर्षी मीच बजावायचो. आणि काम उरकलं की मालकानं पार्टी द्यायची, हीही आमच्याकडची पद्धत.

कऱ्हाटीचा दत्तू टोळीचा मुकादम होता. दौऱ्याआधीच्या पार्टीत तो म्हणाला, "आबा, आज न्हाय. हाताला पेस्ट हाय."

"बायकोला भितोस व्हय रं? का मालकाचा मान न्हाय ठेवायचा?"

सगळे खिदळले. त्यानं मान खाली घालून ग्लास रिकामा केला. थोड्याच वेळात तोंड लालबुंद, धाप लागलेली. "आबा... पाणी द्या."

मी पुन्हा दारूच पुढं केली. "हेच पाणी. पी!" आणि मोबाईलवर त्याचं शूटिंग काढत राहिलो. गाडी दारात उभी होती. दवाखान्यात नेलं ते तो आडवा झाल्यावर. वाचला नाही. लई प्याला, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

वायनरीत मी त्या ग्लासवरून नजर हटवली नाही. कुणी हात लावला नाही. तरी आम्ही उठलो तेव्हा तो रिकामा होता. बाईंना कोण दिसलं, पाणी कुठं गेलं – मला आजही सांगता येत नाही.

दत्तूची बायको मंगल जळोचीत राहते. नवरा दारूपायी गेला, असंच ती पोरांना सांगते. तो नको म्हणत होता, मी पाजली – एवढं तिच्या दारात जाऊन सांगायचं माझ्याकडं बाकी आहे.