उत्तरं परत न दाखवणारा फॉर्म

लोकांची मतं फोनवर गोळा करायचं आमचं एक सॉफ्टवेअर आहे. ते खुलं आहे, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आपल्या कामापुरतं बदलावं आणि बदल चांगला असेल तर आम्हालाही द्यावा. शिवाजी पार्कला राहणारे एक निवृत्त इंजिनिअर काका त्याचे कर्तेकरविते. मी प्रोग्रॅमर नाही. पुढच्या आवृत्तीत काय हवं, काय नको आणि कशावाचून अडणार नाही, ही यादी माझ्याकडे असते. ऑफिसातही मी हेच करते, त्यामुळे जमतं.

त्या वेळी यादीत तीन कामं वर होती. अक्षरं मोठी करायची. अर्धवट भरलेला फॉर्म फोनवर जपून ठेवायचा. आणि पाठवण्याआधी ‘तुमची उत्तरं’ असं एक पान दाखवायचं, म्हणजे माणसाला चूक दिसेल. तिन्ही वेळेत झाली आणि चाचणीसाठी मी परळची एक धर्मशाळा ठरवली. कॅन्सरच्या उपचारांना गावाहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. जेवण कसं, पाणी पुरतं का, हॉस्पिटलची गाडी वेळेवर येते का, हे तिथल्या व्यवस्थापकांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी आपल्या जुन्या कागदावरून ‘आजार कोणता?’ हा प्रश्नही घातला. कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मी चिंचपोकळीची, चालत पोचते.

पहिल्या शनिवारी व्हरांड्यातल्या बाकावर कुडाळकडची एक बाई फॉर्म भरत होती. शेजारी तिचे वडील, एसटीतले निवृत्त कंडक्टर, पेपर वाचत होते. शेवटचं पान उघडलं आणि बाईने फोन झटकन मांडीवर पालथा घातला.

“काय गो, काय भरतस? बघूया.”

“बॅटरी गेली, बाबा.”

“आताच तर चार्ज केलंस.”

“जुनो फोन तो. तुमच्यासारखोच.”

म्हातारा हसला आणि पेपरात गेला. बाई पाण्याच्या निमित्ताने उठली आणि मला नळापाशी गाठलं. फोन तिने माझ्यापुढे धरला. आम्ही हौसेने मोठी केलेली अक्षरं: ‘आजार: कॅन्सर’.

“ताई, बाबांका अल्सर म्हणान सांगितलेला आसा. हयसर सगळ्या आजाराची माणसां येतत, असां सांगून ठेवलंय. ह्या पान बंद केलंय तरी परत तांच उघडता. संध्याकाळी ते ह्याच फोनवरून आयेशी बोलतत.”

जपून ठेवायची सोय आपलं काम चोख करत होती. मी तिथेच उभी राहून तिचा फॉर्म पुसून टाकला. ती तरी हलेना.

“पुढच्या शनिवारी ते स्वतः भरतले म्हणतत. जेवणाबद्दल तेंका खूप सांगूचा आसा. नको म्हटलंय तर संशय येतलो.”

म्हाताऱ्याला खरं सांगावं की नाही, हा त्या घराचा प्रश्न होता. आमच्या फॉर्मने तो परस्पर सोडवायचा नाही, एवढं माझं पक्कं झालं. हाताशी एक आठवडा होता. मी तिथूनच व्यवस्थापकांकडे गेले आणि आजाराचा प्रश्न काढायला सांगितला. उत्तर घेऊन तुम्ही काय करता, असं विचारल्यावर त्यांनी तो काढला. पण एका धर्मशाळेतून प्रश्न काढून भागणार नव्हतं. उद्या दुसरं कोणी दुसरं काहीतरी विचारेल आणि ते असंच मोठ्या अक्षरांत शेजाऱ्याला दिसेल.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले.

“शेवटचं पान काढायचं,” मी म्हटलं.

“अगं, कालपर्यंत तूच मागे लागली होतीस! लोक फोनवर काहीही दाबतात. चुका कशा कळणार?”

“किती प्रश्न राहिले तेवढंच सांगू. उत्तरं नाही दाखवायची. आणि अर्धवट फॉर्म कोणी सांगितलं तरच जपायचा.”

“मग दोन्हीला बटण देऊ. ज्याला नको त्याने बंद करावं.”

“बंद करायला आधी आठवावं लागतं, काका. ज्याला हवं त्याने चालू करावं.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “तू ऑफिसातही अशीच छळतेस?”

“तिथे पगार घेऊन.”

आमच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने लांबून लिहून कळवलं की सगळीकडे असं पान असतंच. मी बाकावरचा प्रसंग नाव-गाव न घालता लिहून पाठवला. त्यानंतर कोणी वाद घातला नाही. काकांनी बदल स्वतः केला आणि शुक्रवारपर्यंत मी तो माझ्या, बहिणीच्या आणि वॉचमनच्या फोनवर उघडझाप करून पाहिला.

शनिवारी म्हातारा चष्मा लावून तयार होता. लेकीने फोन दिला, पण बोटं सोडवेनात.

“दी गो, खातंय काय फोन?”

तो एकेक प्रश्न मोठ्याने वाचत गेला. पाणी. गाडी. अंथरूण. मध्येच थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं.

“आजाराचा कायच इचारूक नाय?”

लेक बाकाच्या कडेला सरकली.

“ते डॉक्टर विचारतात,” मी म्हटलं. “आम्ही डाळीचं विचारतो.”

तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग त्याने लेकीकडे बघितलं.

“बरां,” तो म्हणाला. “मगे डाळीचाच सांगतंय.”

मोकळ्या चौकटीत त्याने एका बोटाने लिहायला घेतलं. डाळ पातळ, मीठ नाही, मासे तर विसराच. किती प्रश्न राहिले ते फोनने सांगितलं, त्याने ते भरले आणि पाठवायचं बटण दाबलं. ‘मिळालं, आभारी आहोत’ एवढंच उमटलं. लेकीने उगाच आत जाऊन त्याची औषधाची पिशवी आणली, त्याच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला, आणि फोन परत मागितलाच नाही.

“बॅटरी आसा मा आयेक फोन लावूक?” त्याने विचारलं.

“आसा,” ती म्हणाली. “लावा तुमीच.”